दादाच्या पॉलिपचा माझ्याशी काय संबंध?

पत्र : मी ४४ वर्षांची आहे. बडोद्याला दांडिया बाजारात सासरच्या जुन्या वाड्यात राहते, शाळेत गणित शिकवते. माझा सख्खा मोठा भाऊ पुण्याला असतो, वय ४९. गेल्या महिन्यात त्याची कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं बघितलं, आणि त्यातून एक मोठा पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावरची गाठ, काढला. कॅन्सर नाही म्हणाले, पण भावंडांनी तपासून घ्यावं असं सांगितलं. मला दीड-दोन वर्षं अधूनमधून शौचातून रक्त जातं. मूळव्याध म्हणून इसबगोल आणि मलम चालू आहे. हिमोग्लोबिन ९.८ आलं, तेव्हा पाळीमुळे असेल म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. सासूबाई म्हणतात, दुखत नाही खुपत नाही, मग खाजवून खरूज कशाला काढायची? शिवाय गाठीला हात लावला की ती पसरते म्हणे. शेजारच्या बेन म्हणाल्या, शौचाची साधी तपासणी असते, ती करून मोकळी हो. खरं सांगू का, मला या तपासणीची लाज वाटते. आणि घरात सहा माणसांत एक संडास. तो जुलाबाचा प्रकार निभवायचा कसा? श्रावण चालू आहे, पुढे गणपती, नवरात्र. दिवाळीनंतर बघितलं तर चालेल का? जाता जाता एक : माझे बाबा १९९८ मध्ये, ५६व्या वर्षी 'पोटाच्या आजाराने' गेले. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी खालून वर वाचणार आहे, कारण सर्वांत कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय.

'पोटाचा आजार' हा आपल्या घरांमधला फार सोयीचा शब्द. काविळीपासून कॅन्सरपर्यंत सगळं त्यात मावतं. त्या काळी डॉक्टर थोरल्या मुलाला नाहीतर जावयाला व्हरांड्यात बाजूला घेऊन काय ते सांगत आणि घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे. तेव्हा आधी आईला विचारा. आई नसतील तर काका, आत्या, जे कुणी त्या वेळी दवाखान्यात डबा घेऊन जात असतील त्यांना विचारा. आजाराचं नाव आठवत नसेल तर खुणा विचारा : ऑपरेशन झालं होतं का? पोटावर शौचाची पिशवी लावली होती का? शौचातून रक्त जात होतं का? पिशवी लावलेली होती असं कळलं, तर आतड्याच्या कॅन्सरची शंका बरीच बळावते. जुनी फाईल माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली तर उत्तमच. आणखी एक विचारून ठेवा, बाबांच्या बहिणींपैकी किंवा आजीला गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता का. प्रश्न विचित्र वाटेल, पण काही कुटुंबांत एक जनुकीय दोष असतो, त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. त्यात मोठं आतडं आणि गर्भाशय या दोन्ही ठिकाणी कॅन्सरचा धोका वाढतो. तशी माळ दिसली तर जनुकीय तपासणीचा विषय निघेल आणि तुमची तपासणी वर्षा-दोन वर्षांनी होत राहील. दिसली नाही तर चांगलंच आहे.

आता दादा. 'मोठा पॉलिप' म्हणजे किती मोठा आणि कुठल्या जातीचा? त्याच्याकडे दोन कागद असतील. एक कोलोनोस्कोपीचा, रंगीत फोटोंचा. तो सगळे जण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. दुसरा आठवड्याभराने येतो, बायोप्सीचा, म्हणजे काढलेल्या पॉलिपच्या तपासणीचा, आणि तो बहुतेकांच्या फाईलमध्ये न वाचलेलाच राहतो. तुम्हाला हा दुसरा हवा आहे. पॉलिप १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असला, किंवा रिपोर्टात 'व्हिलस' किंवा 'हाय ग्रेड डिस्प्लेशिया' (पेशींतले जास्त बिघाड) असे शब्द असले, तर सख्ख्या भावंडांना आणि मुलांना तपासणीच्या बाबतीत कॅन्सर झालेल्या घरातल्या माणसांसारखंच धरतात. ठोकताळा असा : पहिली कोलोनोस्कोपी वयाच्या ४०व्या वर्षी, किंवा नातेवाइकाच्या वयातून १० वजा करून येईल त्या वर्षी, यांतलं जे आधी येईल ते. दादाचे ४९ वजा १० म्हणजे ३९. बाबांचे ५६ वजा १० म्हणजे ४६, पण त्याआधी ४० येतं. गणित तुमचाच विषय आहे. तुम्ही ४४च्या आहात.

पण हे सगळं तुम्हाला कुठलाच त्रास नसता तर. तुम्हाला दोन वर्षं रक्त जातंय आणि हिमोग्लोबिन ९.८ आहे. म्हणजे तुमच्या बाबतीत 'स्क्रीनिंग' हा शब्दच लागू नाही. स्क्रीनिंग ठणठणीत माणसांचं करतात. तुमची तक्रार आहे आणि तिचं कारण शोधायचंय. बेनच्या सल्ल्याचं उत्तरही इथेच आहे. शौचाची ती तपासणी, फिट म्हणतात तिला, डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधते. तुम्हाला तर दिसतंय! ती पॉझिटिव्ह आली तर कोलोनोस्कोपी करायचीच आहे. निगेटिव्ह आली तर तुम्ही सुटकेचा श्वास टाकून आणखी वर्ष काढाल, आणि ते जास्त वाईट, कारण पॉलिपमधून रोज रक्त येत नाही. ज्या दिवशी नमुना दिला त्या दिवशी आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मूळव्याधीबद्दल मला एकच विचारायचंय : ती कुणी बघून सांगितली की ऐकून? गुदद्वाराची बोटाने तपासणी, आतून दुर्बिणीने पाहणी, यांतलं काही झालं का? तुमच्या पत्रावरून तरी झालेलं दिसत नाही. आपल्याकडे शौचातून रक्त म्हटलं की मूळव्याध हे केमिस्टच्या काउंटरवरच ठरतं. तुम्हाला खरंच मूळव्याध असेलही. पण मूळव्याध असलेल्या माणसाला पॉलिप होत नाही असा काही नियम नाही. लालभडक रक्त म्हणजे मूळव्याध आणि काळपट म्हणजे गंभीर, ही विभागणीही भरवशाची नाही. शेवटच्या वीतभर आतड्यातला पॉलिपसुद्धा लालभडक रक्त देतो. आणि हिमोग्लोबिन पाळीमुळे उतरलं असेल हे शक्य आहे, पण रक्त जाण्याच्या दोन वाटा असताना एकीवरच खापर फोडून मोकळं होणं मला पटत नाही.

सासूबाईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. 'गाठीला लोखंड लागलं की पसरते' हे त्यांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलंय. शेवटच्या अवस्थेत ऑपरेशनला नेलेली माणसं परत आली नाहीत, दोष चाकूवर आला. पॉलिपची गोष्ट वेगळी आहे. तो आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवतो, कधी अळंबीसारखा देठावर, कधी नुसता चपटा. बहुतेक पॉलिप आयुष्यभर काही करत नाहीत. पण अ‍ॅडेनोमा नावाची जी जात आहे तिच्यातले काही वाढत जातात आणि साधारण १० वर्षांत किंवा त्याहून जास्त काळाने त्यांचा कॅन्सर होऊ शकतो. मोठ्या आतड्याचे बहुतेक कॅन्सर असेच सुरू होतात. तो कॅन्सर व्हायच्या आधी मुळापासून काढला, तर पसरायला मागे काही उरत नाही. आणि या सगळ्या वर्षांत तो दुखत नाही. 'दुखत नाही खुपत नाही' ही सासूबाईंनी दिलेली ग्वाही इथे काही कामाची नाही.

पूर्वी असा पॉलिप काढायचा तर पोट उघडावं लागे. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी दुर्बिणीतून तारेचा फास घालून तो काढून दाखवला. आजही तेच तत्त्व आहे. फास देठाभोवती आवळायचा आणि कापायचा. पॉलिप चपटा असेल तर खाली द्रव टोचून तो आधी उचलून घेतात. आतड्याच्या अस्तराला कापल्याचं दुखणं कळत नाही, त्यामुळे काढताना वेदना होत नाहीत. अमेरिकेत असे अ‍ॅडेनोमा काढलेल्या २६०२ रुग्णांचा पुढे अनेक वर्षं माग ठेवला गेला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात, सर्वसाधारण लोकांत जितके मृत्यू अपेक्षित होते त्यापेक्षा त्यांच्यात आतड्याच्या कॅन्सरने झालेले मृत्यू ५३ टक्के कमी निघाले. हात लावल्याने पसरत असतं तर आकडा उलटा आला असता.

याचा अर्थ कोलोनोस्कोपी म्हणजे रामबाण, असंही नाही. २०२२ मध्ये युरोपातल्या एका मोठ्या चाचणीचे आकडे आले. ५५ ते ६४ वयाच्या निरोगी लोकांना कोलोनोस्कोपीचं नुसतं आमंत्रण पाठवलं होतं. १० वर्षांत आमंत्रितांच्या गटात, आमंत्रण न गेलेल्यांपेक्षा, कॅन्सर १८ टक्के कमी झाले. आमंत्रितांपैकी प्रत्यक्ष गेले होते मात्र ४२ टक्केच. शिवाय चपटे पॉलिप नजरेतून सुटतात. आतडं नीट साफ नसेल तर मोठेही सुटतात. म्हणून तपासणी कुठे करता याइतकंच आदल्या रात्री काय करता यालाही महत्त्व आहे.

तर आता तो संडास.

तुम्ही हे विचारलंत याचं मला फार बरं वाटलं, कारण कितीतरी लोक या एका कारणाने तारीख पुढे ढकलतात आणि सांगताना भलतंच काही सांगतात. माझा स्पष्ट सल्ला : ती रात्र वाड्यात काढू नका. कुणा बहिणीचा, मैत्रिणीचा फ्लॅट बघा, खोलीला लागून बाथरूम असलेला, आणि संध्याकाळीच तिथे जाऊन राहा. तशी सोय नसेल तर हॉस्पिटलला विचारा, काही ठिकाणी आदल्या रात्री दाखल करून घेतात. खर्च वाढेल, पण सहा माणसांची रांग दाराबाहेर उभी असताना कुणाचं पोट साफ होत नाही.

आतडं साफ करायची पावडर बहुधा दोन लिटर पाण्यात मिसळायची असते. सगळी एका रात्री संपवण्यापेक्षा अर्धी संध्याकाळी आणि अर्धी तपासणीच्या चार ते सहा तास आधी घेतली तर आतडं जास्त स्वच्छ होतं. म्हणून वेळ मागताना सकाळी ११च्या सुमाराची मागा, म्हणजे दुसरा हप्ता पहाटे पाच-साडेपाचला येईल. फार पहाटेही नाही आणि उपाशीपोटी दुपारही व्हायची नाही. पाणी फ्रीजमध्ये गार करा, लिंबू पिळा, साखर घालू नका. दर १०-१५ मिनिटांनी एक ग्लास, घटाघटा न पिता. मळमळलं तर अर्धा तास थांबा आणि पुन्हा सुरू करा. कागद वापरू नका, पाणी आणि ओला मऊ कपडा वापरा, आणि पहिल्या खेपेआधीच खोबरेल तेल लावून ठेवा. हे शेवटचं कुठल्याही छापील सूचनेत नसतं आणि मध्यरात्री त्याची किंमत कळते. शेवटी लघवीसारखं पिवळसर, आरपार दिसणारं पाणी जायला हवं. गढूळ जात असेल तर हॉस्पिटलला फोन करून तसं सांगा, लपवू नका.

खाण्याचं पथ्य दोन-तीन दिवस आधीपासून. बिया, सालं, कोंडा बंद. पेरू, डाळिंब, टोमॅटो, मेथी, मटकी बंद. सेव-उसळ बंद. खाखराही नको, तो कणकेचा असतो. मऊ पांढरा भात, साल काढलेला बटाटा, बिया काढलेला दुधी चालतो. श्रावणातला साबुदाणा चक्क चालतो, पण दाण्याचं कूट घालायचं नाही, म्हणजे खिचडीचा जीवच गेला, पण दोन दिवसांचा प्रश्न आहे. आदला दिवस फक्त पातळ आणि आरपार दिसणारं : नारळपाणी, गाळलेलं लिंबूपाणी, डाळीचं वरचं निवळ पाणी, बिनदुधाचा चहा. छाश, म्हणजे ताक, नाही. लाल-जांभळी सरबतं नाहीत, आत रक्तासारखी दिसतात.

लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात. त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो आणि धुऊन निघत नाही. रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर ती मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, आधी विचारा. पाळी आली तर तारीख बदलायची गरज नसते.

लाजेबद्दल. बाई डॉक्टर मागा, मिळतील असं नाही, पण नर्स बाई खोलीत असाव्यात असं आधीच सांगून ठेवा, त्यात संकोच नको. तिथे गाऊन देतात, डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, अंगावर चादर असते. गुंगीचं औषध दिलं की पुढची वीस ते चाळीस मिनिटं तुमच्या हिशोबात राहत नाहीत. गुंगी खरी असते हं. २००२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी याच तपासणीसाठी दोनएक तास अधिकार रीतसर उपाध्यक्षांकडे सोपवले होते. तुम्ही त्या दिवशी अ‍ॅक्टिव्हाची किल्ली यजमानांकडे सोपवा, आणि घर-दाराच्या कुठल्या कागदावर सहीही करू नका. सोबत कुणीतरी लागेलच.

हॉस्पिटल निवडताना मी तीन गोष्टी विचारीन. पॉलिप दिसला तर त्याच बैठकीत काढता का? गुंगी देणारा माणूस वेगळा असतो का? रिपोर्टात आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या टोकाचा फोटो आणि सफाईचा दर्जा लिहिता का? मोठं आतडं जवळपास पाच फुटांचं असतं, दुर्बीण त्या टोकापर्यंत पोचली याचा पुरावा हवा. खरं बघणं होतं ते दुर्बीण मागे घेताना, आणि त्याला किमान सहा मिनिटं तरी द्यावीत असा दंडक आहे. खर्चाची ओढ असेल तर सरकारी सयाजी हॉस्पिटलच्या ओपीडीत चौकशी करा. मेडिक्लेम असेल तर नुसती तपासणी आणि पॉलिप काढणं, दोन्हींबद्दल कंपनीला आधीच विचारा.

धोका? आहे. आतड्याला छिद्र पडण्याचं प्रमाण नुसत्या तपासणीत हजारात एकापेक्षा कमी आहे, मोठा पॉलिप काढला तर जास्त. काढलेल्या जागेतून दोन आठवड्यांपर्यंत कधीही रक्त येऊ शकतं. पोट कडक होऊन दुखलं, ताप आला, बरंच रक्त गेलं किंवा चक्कर आली तर रात्र असली तरी जायचं. नुसता गॅस झाला तर तो आत भरलेल्या हवेचा, संध्याकाळपर्यंत जातो.

या दोन आठवड्यांमुळे तुमच्या दिवाळीच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. दिवाळीपर्यंत थांबायचं नाही, हे रक्तामुळे ठरलेलंच आहे. पण आत्ता श्रावणात उरकलंत तर पॉलिप निघाला तरी गणपतीपर्यंत जखम भरलेली असेल आणि नवरात्रात गरब्याला मोकळ्या असाल. काढल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत नाचणं, जड उचलणं, लांबचा प्रवास यांना डॉक्टर नाहीच म्हणतील.

बायोप्सीच्या कागदावर 'ट्युब्युलर अ‍ॅडेनोमा, लो ग्रेड डिस्प्लेशिया' असं आलं तर घाबरून इंटरनेट उघडू नका. अ‍ॅडेनोमा म्हटलं की डिस्प्लेशिया लिहिलेला असतोच, तो कॅन्सर नव्हे. मात्र पुढची कोलोनोस्कोपी कधी हे त्यावरून ठरतं, आणि तुमच्या बाबतीत दादा-बाबांचा इतिहास धरून ठरतं. सर्वसाधारण माणसाचं आतडं स्वच्छ निघालं तर १० वर्षांनी बोलावतात. बाबांचा आजार कॅन्सर होता असं निघालं, किंवा दादाचा पॉलिप वर सांगितलेल्या जातीतला असला, तर तुम्हाला काहीच सापडलं नाही तरी पाच वर्षांनी यावं लागेल. तारीख डॉक्टरांकडून रिपोर्टावर लिहून घ्या.

आणि एक तुम्ही विचारलं नाहीत ते. तुमचे यजमान तुमच्याहून मोठे असतील, पन्नाशीच्या आसपास. आपल्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरची तपासणी आहे, आतड्याची नाही, त्यामुळे त्यांना कुणी बोलावणार नाही. अमेरिकेत २०२१ पासून ४५व्या वर्षी सुरुवात करायला सांगतात. आपल्याकडे हा आजार तिकडच्यापेक्षा कमी आहे, म्हणून प्रत्येकाने धावत कोलोनोस्कोपी करावी असं मी म्हणणार नाही. पण त्यांना रक्त जात नसेल, त्यांच्या घरात कुणाला हा आजार नसेल, तर बेनने सुचवलेली ती शौचाची तपासणी त्यांच्यासाठी योग्य आहे, वर्षातून एकदा. लॅबमधून डबी मिळते, नमुना घरी घेऊन देता येतो, पथ्य नाही, जुलाब नाही. तुमच्या तपासणीची वेळ घ्यायला जाल तेव्हा एक डबी त्यांच्यासाठीही आणा.